कॅम्प ट्रेलवरची गर्दी

३ जून, मंगळवार

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात.

आज मोठी बातमी. बेव मॅडमनी ऑफिसात बोलावलं. (त्या म्हणतात मॅडम नको, नुसतं बेव म्हण. मला जमतं, पण मी म्हणत नाही.) लूनफूट लेक स्टेट पार्कच्या मॅनेजर त्या. मी उन्हाळ्यापुरता. टॉयलेट धुणं, सरपणाच्या मोळ्या विकणं, कचऱ्याच्या डब्याला अस्वलाला उघडता येणार नाही अशी कडी लावणं. दुसरं वर्ष.

बातमी अशी. सेंट पॉलच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या मोठ्या ऑफिसातून पत्र आलंय की कॅम्प ट्रेलवर, म्हणजे जंगलातल्या आमच्या जुन्या पायवाटेवर, माणसं जात नाहीत. गेल्या अख्ख्या उन्हाळ्यात दोनशे बारा. या वर्षी ऑगस्टअखेर हजार झाली नाहीत तर ट्रेल नकाशावरून काढून टाकणार. मग पुलाची दुरुस्ती बंद, गवत कापणं बंद. दोन-तीन वर्षांत जंगल गिळून टाकेल.

मॅडम म्हणाल्या, "लायल, त्या ट्रेलचं तुझ्याइतकं इथं कुणालाच माहीत नाही. दर शनिवारी दहा वाजता लोकांना फिरवून आण. गोष्टी सांग. जमलं तर पुढच्या वर्षी तुला गाइड म्हणूनच घेते. टॉयलेट दुसरं कोणीतरी धुवेल."

मी लगेच हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.

मी लाजाळू आहे असं लोकांना वाटतं. मी लाजाळू नाही. मी आवाज वाया घालवत नाही.

५ जून, गुरुवार

भाषणाची तयारी. ऑफिसच्या माळ्यावरची जुन्या कागदांची पेटी सगळी वाचून झालीय, तिसऱ्यांदा.

१९३४ साली इथं दोनशे पोरांचा कॅम्प होता. मंदीचे दिवस, कामं नव्हती, सरकारने पोरांना जंगलात आणलं आणि म्हटलं बांधा. त्यांनी बांधलं. तलावाकडे उतरणारा दगडी जिना, विहीर, चुलाणं, पूल. डुलुथच्या एका पोराने आल्या दिवशी पहिलं झाड पाडलं ते स्वतःच्याच तंबूवर. पस्तीसच्या मार्चमध्ये बटाटे संपले तर नऊ दिवस नुसत्या बीन्स.

त्यातल्या निम्म्या पोरांनी आठवीतच शाळा सोडलेली. आणि जिना नव्वद वर्षं उभा आहे. आमच्या गावात शाळा पूर्ण केलेल्यांनी काय बांधलं? पार्किंग लॉट. तोही दर वर्षी फुटतो.

मी शाळा सोडली त्याचा भाषणाच्या तासाशी काही संबंध नाही. तो दुसरा तास असायचा आणि मला दुसऱ्या तासाला नेमकं बाहेर काम असायचं, एवढंच. अख्खं वर्ष.

९ जून, सोमवार

मॅडमनी मोजणीचा डबा बसवला. चहाच्या डब्याएवढा, ट्रेलच्या सुरुवातीच्या खांबाला पट्ट्याने बांधलेला. त्यातून एक न दिसणारा किरण जातो. समोरून कोणी गेलं की आकडा एकाने वाढतो. छोट्या खिडकीत दिसतो.

उद्यापासून सराव. रोज पहाटे साडेपाचला, कामाच्या आधी. सुरुवातीचं "नमस्कार, मी लायल, लूनफूटमध्ये तुमचं स्वागत" हे वाक्य खांब ओलांडून चार पावलांवर उभं राहून म्हणायचं. गाइड तिथंच उभा राहतो.

१० जून, मंगळवार

सराव केला. वाक्य "मी" पर्यंत छान जातं. पुढे अडकतं. मग मागे जाऊन परत चालत यायचं आणि पहिल्यापासून म्हणायचं. अर्धवट वाक्याला अर्थ नाही. साधारण तीस वेळा केलं.

संध्याकाळी डबा बघितला. ५८!! पहिल्याच दिवशी!

मी दिवसभर टॉयलेटकडे होतो म्हणून एकही माणूस दिसला नाही. पण आकडा आकडा आहे.

११ जून, बुधवार

सुट्टी. झोपलो. आईने फ्रिजवर लावलेला शाळेच्या परीक्षेचा फॉर्म परत दाखवला. म्हणाली, "बाहेरून बस की परीक्षेला, वर्गात कुणी उभं करत नाही." म्हटलं, शरद ऋतूत बघू. सध्या मी एक ट्रेल वाचवतोय.

१४ जून, शनिवार

पहिली फेरी. कोणी आलं नाही.

जाहिरातीचा कागद मीच लावला होता. गर्दी एकदम होऊ नये म्हणून सरपणाच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूने.

निराश नाही. डबा १३९ दाखवतोय. लोकांना स्वतःचं स्वतः फिरायला आवडतं असं दिसतंय.

२० जून, शुक्रवार

मॅडमनी जाहिरात काढून मोठ्या फळ्यावर लावली. म्हणाल्या, "आत कुणासाठी लावली होतीस रे? कोळ्यांसाठी?"

मला राग आला. कामाची एक पद्धत असते.

डबा: ३१७. मॅडमनी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मला म्हणाल्या, "हे तू केलंस." मी कान लाल होऊ दिले नाहीत. झाले, पण उन्हाने.

२१ जून, शनिवार

आज माणसं आली. चार. आई, वडील, दोन मुली. आयोवाची गाडी. दहाला पाच कमी असताना खांबाशी येऊन उभी.

मी खाकी शर्टात होतो. पाठीवर पार्कचं नाव. वडील म्हणाले, "गाइड तूच का?"

मी म्हटलं, "येतीलच ते इतक्यात."

आणि सरपणाच्या खोलीत गेलो. कारण अचानक लक्षात आलं की मोळ्या नीट रचलेल्या नाहीत. काम आधी. खिडकीतून लक्ष होतं. वीस मिनिटं थांबले बिचारे. धाकटी मुलगी दर मिनिटाला, "बाबा, कुठंय तो माणूस?" मलाही चीड आली. खरंच कुठंय तो माणूस.

शेवटी वडिलांनी फळ्यावरचं वाचून दाखवलं आणि ती गेली. पुलापर्यंत जाऊन आली असावीत. खूश दिसत होती. त्यांना शांतता हवी होती, मी दिली. हेही गाइडचंच काम.

मोळ्या मात्र आता सुंदर रचल्यात.

२७ जून, शुक्रवार

म्हातारा व्हर्न डोक्यात जातो. हा रिटायर झालेला स्कूलबस ड्रायव्हर. कॅम्पिंगच्या जागांवर लक्ष ठेवायला उन्हाळाभर पार्कात राहतो. स्वतःच्या घरगाडीसमोर घडीची खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खोड काढतो. म्हणाला, "काय रे लायल, रोज पहाटे त्या खांबाशी काय बोलत असतोस? लग्न ठरवतोयस का त्याच्याशी?"

चांगलं उत्तर चार तासांनी सुचलं. टॉयलेट धुताना म्हणून बघितलं, जोरदार होतं.

म्हणाला, "आणि पुढे-मागे, पुढे-मागे! मला कॉफी पिता पिता चक्कर येते."

व्हर्नला मोतीबिंदू आहे. त्याच्या बोलण्यावर जाऊ नये.

२ जुलै, बुधवार

सुट्टी. पण काळजी वाटली म्हणून संध्याकाळी सायकलवरून जाऊन लांबूनच डबा बघितला. कालचाच आकडा. एकसुद्धा माणूस नाही. बुधवारी आमच्या इथं चर्चमध्ये जेवण असतं ना, त्यामुळे.

५ जुलै, शनिवार

आजचं लिहायला नको होतं. लिहितो.

दोन बायका आल्या, मिनियापोलिसच्या, चालायच्या काठ्या घेऊन. मी खांबाच्या पलीकडे चार पावलांवर उभा. तयार. तोंड उघडलं. "नमस्कार, मी—"

एवढ्यात व्हर्न. खुर्ची सोडून आला. "काय गं पोरींनो, फिरायला आलात का? चला चला, मी दाखवतो. हा पोरगा नवीन आहे."

मी दुसऱ्या वर्षाचा आहे!!

आणि निघाले. व्हर्न पुढे, त्या दोघी मधे, मी मागे. अख्खा मैलभर. जिन्याशी व्हर्न म्हणाला हा जिना लाकूड कंपनीने बांधला. खोटं! विहिरीशी म्हणाला यात एक बँक लुटारू तीन दिवस लपला होता. ती विहीर नऊ फूट खोल आहे, त्यात लपलेला माणूस रस्त्यावरून दिसेल! पोरांचं नावच नाही. त्या दोघी "अय्या" आणि "खरंच?" करत होत्या. मी तीनदा घसा खाकरला. दुसऱ्या वेळी एकीने खोकल्याची गोळी दिली.

परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू कुठून आलास फिरायला?"

म्हटलं, "इथलाच."

"हो का? मग तुला हे सगळं माहीतच असेल."

संकल्प: उद्यापासून सराव दुप्पट.

९ जुलै, बुधवार

सुट्टी. भाषण आता चार पानांचं झालंय. आईला वाचायला दिलं. नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरातून दमून आली होती, तरी उभ्यानेच वाचलं. म्हणाली, "छान आहे की. म्हणून दाखव."

म्हटलं, घसा बसलाय.

म्हणाली, "तुझा घसा सहावीपासून बसलाय, लायल."

१७ जुलै, गुरुवार

एक त्रास सुरू झालाय. खांबाच्या पलीकडे लोक फार थांबतात. वीस-पंचवीस फुटांत गवत मेलं, नुसती माती. पावसाचं पाणी साचतं. एका मेपलची मुळं वर आलीत. चालायची काही पद्धत असते की नाही? एकाच जागी काय नाचता!

वर कचरा. दालचिनीच्या च्युइंगमचे कागद. रोज दोन-तीन. मीही तोच खातो. आवड चांगली, सवय वाईट.

पाटी केली: कृपया इथे घोटाळू नये. सकाळी सराव करताना पाटी मधे येते, म्हणून जरा बाजूला लावली.

१९ जुलै, शनिवार

फेरीला कोणी नाही. बरंच झालं, पाऊस होता. म्हणजे दुपारी आला.

२२ जुलै, मंगळवार

एक हजार!!!

मॅडमनी रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करून आणल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लायलने ट्रेल वाचवली." (सगळे म्हणजे व्हर्न आणि दुधाच्या गाडीवाला.) सेंट पॉलला कळवलं. तिकडून उत्तर आलं की जिल्ह्यातल्या कुठल्याच ट्रेलवर एवढी वाढ नाही.

व्हर्न वडी खात म्हणाला, "हजार माणसं? अरे मी इथं सकाळपासून बसलेला असतो. हजार डाससुद्धा गेले नाहीत. हरणं असतील."

मी म्हटलं, हरणं रोज ठरल्या वेळेला येत नाहीत. मनात म्हटलं.

मग तो माझ्याकडे बघत बसला. नुसता. मोतीबिंदूवाला असा का बघतो.

२ ऑगस्ट, शनिवार

फेरीला एक माणूस आला. एकच! आदर्श संख्या. पण त्याला बहुतेक टॉयलेटच हवं होतं. मी हाताने दाखवलं. पटकन कळलं त्याला. माझे हातवारे चांगले आहेत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वाक्य पूर्ण झालं!!! पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटं. "नमस्कार, मी लायल, लूनफूटमध्ये तुमचं स्वागत." अख्खं. मोठ्याने. एक खार थांबली.

पुढच्या वाक्याला उद्यापासून सुरुवात. अशी एकूण एक्याऐंशी आहेत.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज भाषणाच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक थांब्यावर एक, खिळ्याला अडकवून. लोकांनी वाचायचं, मी बाजूला उभं राहायचं. आधुनिक पद्धत. आवाजापेक्षा अक्षर टिकतं.

वारा सुटला. एक सोडून सगळ्या तलावात. राहिलेल्या चिठ्ठीवर "आता डावीकडे वळा" एवढंच आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मॅडमनी डबा काढून कॉम्प्युटरला जोडला. मला माहीत नव्हतं की तो वेळही लिहून ठेवतो. कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं.

पडद्यावर बोट फिरवत आकडे वाचले. मग म्हणाल्या, "लायल, हे बघ. जवळजवळ सगळी माणसं पहाटे साडेपाच ते सात. एक गेलं की वीस सेकंदांनी दुसरं. आणि बुधवारी शून्य. सगळ्या बुधवारी."

मी म्हटलं, "चर्चमधलं जेवण."

"पहाटे साडेपाचला?"

मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि खाऊच्या डब्यातली शेवटची रूबार्बची वडी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "खा रे."

खाल्ली. चव लागली नाही. रूबार्ब जुना असेल.

२७ ऑगस्ट, बुधवार

सुट्टी. दिवसभर छतावर चढून पन्हळी साफ केल्या. आईने विचारलं काय झालं. पानं साचली होती, म्हटलं.

उन्हाळाभर आलेली खरी माणसं आठवून बघितली. आयोवाची चार. मिनियापोलिसच्या दोघी. टॉयलेटवाला. पुढे आठवेना.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सेंट पॉलहून साहेब आले. ऑस्टरगार्ड. उंच, गुडघ्यापर्यंत बूट, हातात मातीत खुपसायची काठी. पहिल्या पंचवीस फुटांवरच थांबले. काठी खुपसली. "बापरे," म्हणाले. "काँक्रीट झालंय." मुळं बघितली. पाटी वाचली. खिशातून टेप काढून खळगा मोजला, सात इंच खोल.

मग खांबाला टेकून म्हणाले, "हे बघा, दोनच रस्ते आहेत. आकडा खरा असेल तर ट्रेलला विश्रांती द्यायला हवी. तीन वर्षं बंद, माती सैल करू, गवत लावू, पूलही नवा करून देऊ, एवढी माणसं येतात म्हटल्यावर. आणि आकडा चुकीचा असेल तर या ट्रेलला कुणी विचारत नाही असा अर्थ होतो. मग नकाशावरून पुसून मोकळं होऊ. आकडा खरा आहे ना?"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "ट्रेल लायल बघतो. त्यालाच विचारा."

साहेब वळले. "काय रे पोरा? खरंच एवढे पाय पडलेत इथं?"

व्हर्नही तिथंच, खुर्ची ओढत अगदी जवळ आणून बसलेला. आता हा बोलणार, म्हटलं. बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कॉफीत बघत बसला.

मी म्हटलं, "पडलेत."

खोटं नाही ते. पाय तर पडलेतच.

साहेबांनी लिहून घेतलं. तीन वर्षं. मी वीस वर्षांचा होईन. विसावं वर्ष गाइडला योग्य असतं. सतरा जरा घाई झाली असती.

३० ऑगस्ट, शनिवार

ट्रेलच्या तोंडावर आडवा दोर बांधला. मधोमध पाटी: विश्रांतीसाठी बंद. मीच बांधला. गाठ पक्की आहे.

पहाटे साडेपाचला जाग आली. उठून काय करणार. परत झोपायचा प्रयत्न केला.

१ सप्टेंबर, सोमवार, लेबर डेची (इथल्या कामगार दिनाची) सुट्टी

उन्हाळ्याचा शेवटचा दिवस. सकाळी टॉयलेट धुतली, नीट, भिंतीसकट.

दहा वाजता बस आली. ब्रेनर्डच्या चर्चची म्हातारी मंडळी. चौदा. कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं की लूनफूटची कॅम्प ट्रेल हे जिल्ह्यातलं सगळ्यात गर्दीचं ठिकाण आहे. एका आजींचे वडील कॅम्पातल्या दोनशे पोरांपैकी होते. त्यांना वडिलांनी बांधलेलं बघायचं होतं. म्हणून अख्खी बस.

खरी माणसं. चौदा. ओळीने उभी, माझ्याकडे तोंड करून. मागे दोर.

मी म्हटलं, "बंद आहे."

सगळ्यांना ऐकू गेलं.

आजी म्हणाल्या, "अगंबाई. मग काहीच नाही बघायला?"

कुणीतरी म्हणालं, निदान टॉयलेट तरी दाखव बाबा, दोन तासांची बस आहे. ते मला दाखवता येतं. मी निघालो. मागून काठ्यांचे आवाज. वळून बघितलं तर चौदाच्या चौदा मागे येत होते. मी पुढे, ते मागे. अगदी फेरीसारखे.

टॉयलेटशी आजी थांबल्या. सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची, दारावर तसं लिहिलेलंसुद्धा आहे. आजींचा चष्मा पर्समध्ये होता. भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे त्या पोरांनीच बांधलं ना रे?"

एक्याऐंशी वाक्यं मला पाठ आहेत. जिना दोरापलीकडे दोनशे पावलांवर आहे.

म्हटलं, "हो."

मग त्यांनी बाकीच्यांना बोलावलं. "बघा गं, बाबांच्या हातचं!" सगळ्यांनी भिंतीला हात लावून बघितला. फोटो काढले, आजी दोन दारांच्या मधे, एका दारावर "पुरुष", एका दारावर "बायका". बेव मॅडम ऑफिसच्या खिडकीतून हातानेच विचारत होत्या, काय चाललंय? मी हातानेच सांगितलं, काही नाही.

जाताना आजींनी डोळे पुसले आणि माझा हात धरला. म्हणाल्या, "नव्वद वर्षं झाली, पण किती स्वच्छ ठेवलंय."

म्हटलं, "थँक यू."